हौमाना व्हायची हौस

बोलून बसलो. दुसरा काही गुन्हा नाही माझा.

मे महिन्यातला रविवार होता आणि आमचे व्याही रसेल जेवायला आले होते. रसेल होनोलुलूचे, विम्याच्या धंद्यातले. माणूस वाईट नाही, पण आमच्या हिलो गावात उतरल्यापासून परत विमानात बसेपर्यंत आम्ही खेड्यात राहतो याची तो आम्हांला आठवण करून देत असतो. विषय चालला होता नातीच्या, म्हणजे लिकोच्या, पहिल्या वाढदिवसाचा. आमच्याकडे लग्न साधं केलं तर चालतं, मयताला माणसं कमी आली तरी लोक समजून घेतात. पण लेकराच्या पहिल्या वाढदिवसाला तीनशेच्या खाली पानं उठली, तर 'पोरीचं पुढे कसं व्हायचं' म्हणून अख्खी गल्ली हळहळते. तारीख ठरली होती, सोळा ऑगस्ट. डुकराचं ठरलं होतं, मासळीचं ठरलं होतं. राहिली होती पोई.

"पोईचं माझ्यावर सोडा," रसेल म्हणाले. "कारखान्यातून चाळीस पिशव्या पाठवतो. होनोलुलूत माझी ओळख आहे."

हे 'होनोलुलूत माझी ओळख आहे' मी तीन वर्षं ऐकतोय. साखरपुड्याला ऐकलं, लग्नाला ऐकलं, लिकोच्या पाळण्याच्या वेळीसुद्धा ऐकलं. माणसाचा संयम कुठेतरी संपतोच ना!

"पिशवीतली पोई? माझ्या नातीच्या वाढदिवसाला?" मी म्हणालो. "छे! पोई आम्ही घरी कुटणार."

"आम्ही म्हणजे कोण?" माझी बायको लॉर्ना भात वाढता वाढता थांबली.

"मी."

सूनबाई शेरिलिनने लिकोच्या तोंडाकडे नेलेला चमचा तसाच धरून ठेवला. माझा मुलगा डॅरिल खाली बघून हसू दाबायला लागला. रसेल मात्र मनापासून खूश झाले. "वा! तीनशे माणसांना हाताने कुटलेली पोई! मी सगळ्यांना सांगतो," म्हणाले, आणि मेल्याने जेवण संपायच्या आत फोनवरून खरोखरच सगळ्यांना सांगितलं.

आता पोई म्हणजे काय आहे? अळकुड्या उकडायच्या, सोलायच्या, लाकडी पाटावर ठेवून दगडाने कुटायच्या, पाणी लावत लावत लोण्यासारख्या करायच्या. ऐकायला एवढंच. पण मी सव्वीस वर्षं सरकारी कचेरीत बांधकाम परवान्यांच्या खिडकीत बसतो. या सव्वीस वर्षांत मी उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे रबरी शिक्का.

बातमी पसरली तसे सल्ले यायला लागले. उजवीकडचा शेजारी मेदेरोस म्हणाला, "भावा, माझ्याकडे काँक्रीटचा मिक्सर आहे. धुतलेला आहे. तीनशे काय, हजार माणसांची पोई काढू." डावीकडच्या फुरुतानीबाई नवीन वर्षाला मोची, म्हणजे चिकट भाताचे गोळे, कुटायचं यंत्र घेऊन दारात हजर. "वीस मिनिटांत काम," म्हणाल्या. "फक्त चालू असताना हात आत घालू नका. आमच्या दिरांनी घातला होता." मी दोघांचेही आभार मानले आणि दोघांनाही मानाने परत पाठवलं. हाताने म्हटलं की हाताने! काहिकिना घराण्याचा शब्द आहे.

पहिला प्रयोग मी एका शनिवारी गॅरेजमध्ये केला. पाट म्हणून जुन्या कपाटाचं दार घेतलं, दगड म्हणून बागेतला दगड घेतला. अळकुड्या किती वेळ उकडायच्या, याबद्दल मी स्वतःच्या अकलेवर विसंबलो. बटाटा अर्ध्या तासात शिजतो, अळकुडी त्याची चुलतबहीण, तिला पाऊण तास दिला म्हणजे उपकारच झाले, असा माझा हिशेब. कुटून जे झालं त्याचा रंग अगदी हुबेहूब पोईचा होता. ते मी घरात कुणाला दिलं नाही. थेट सोमवारी ऑफिसात नेलं. म्हटलं, बाहेरच्या माणसांचं मत निःपक्षपाती असतं.

आमचे वरिष्ठ ओशिरोसाहेब यांनी दोन बोटं भरून खाल्ली. "वेंडल, छान आहे हां," म्हणाले. मग खाकरले. मग पुन्हा खाकरले. दहा मिनिटांत आमच्या विभागातली अकराच्या अकरा माणसं गळा खाजवत होती. अळू कच्चं राहिलं की खाजतं, हे आमच्या बेटावर शेंबड्या पोराला ठाऊक असतं, आणि मी चोपन्न वर्षांचा आजोबा! खिडकीवर 'थोड्या वेळात येतो' ही पाटी लागली ती दुपारी दोनपर्यंत. बाहेर रांगेतली माणसं काचेतून आत बघत होती आणि आत सगळा विभाग जीभ बाहेर काढून बसला होता. ओशिरोसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, पण त्यांना बोलता येईना, म्हणून त्यांनी कागदावर लिहून दिलं: 'घरी जा.'

घरी लॉर्ना हसली नाही. तेच जास्त लागलं. म्हणाली, "आता शहाणपणा पुरे. हॅटी आंटीकडे जा."

हेच नाव मी टाळत होतो.

हॅटी आंटी गावाबाहेर ओढ्याच्या काठी राहायची. वय एक्क्याऐंशी. स्वतःची अळूची खाचरं, स्वतःचा पाट, आणि तिच्या आजीच्या आजीपासून चालत आलेला कुटायचा दगड. नुसतं बोटभर चाखून 'ही हॅटीची पोई' म्हणून ओळखणारी माणसं गावात अजून होती. तिची तिन्ही मुलं लास व्हेगासला. आमच्याकडची निम्मी तरुण माणसं तिथेच जातात. घर परवडतं म्हणतात. आता आंटीही जाणार होती. लेकीने एकोणीस ऑगस्टचं तिकीट काढून पाठवलं होतं. तिच्यामागे त्या पाटाला हात लावणारं कुणी नव्हतं. दोन-तीन पोरं शिकायला आली आणि आठवड्याभरात पळाली, असं ऐकिवात होतं.

हे सगळं ठीक. अडचण वेगळी होती. दोन वर्षांपूर्वी आंटीने शेतात एक पत्र्याची शेड बांधायला अर्ज केला होता आणि तो मी तीन वेळा परत पाठवला होता. कारण नकाशात उत्तर दिशा दाखवणारा बाण नव्हता. नियम आहे! मी काय घरचा केला होता? पण नियम हा नियम असतो, हे खिडकीच्या आतून जितकं स्पष्ट दिसतं तितकं बाहेरून दिसत नाही.

पहिल्या शनिवारी गेलो. फाटकाशी गाडी थांबवून हॉर्न दिला. बराच वेळ गेला. मग आतून आवाज आला.

"कोण आहे रे? गुरं हाकतोयस काय?"

"मी वेंडल, आंटी! वेंडल काहिकिना!"

"माणसाच्या दारात माणसासारखी हाक मारतात. जा, पुढच्या शनिवारी ये."

पुढच्या शनिवारी गाडी लांब लावली. फाटकाशी उभा राहून, आजोबांच्या वेळी मारायचे तशी लांब सुरात 'हुईऽऽ' हाक दिली. आंटी व्हरांड्यात आली. बुटकी, रुंद खांद्यांची, डोक्याला फडकं बांधलेलं. माझ्या हातांकडे बघितलं.

"रिकाम्या हाताने आलास?"

"आंटी, मी शिकायला आलोय."

"हो? आणि मी काय खिडकी उघडून बसलेय? जा, पुढच्या शनिवारी ये."

तिसऱ्या शनिवारी मी केळ्यांचा घड, लॉर्नाने केलेलं लोणचं, सुकी मासळी आणि फुरुतानीबाईंनी आग्रहाने दिलेली मोची घेऊन गेलो. दोन्ही हात भरलेले, त्यामुळे फाटकाची कडी काढता येईना. आंटीने सगळं शांतपणे बघितलं, स्वतः येऊन कडी काढली, माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, "तूच तो! उत्तरेचा बाण!"

"आंटी, तो नियम..."

"एक्क्याऐंशी वर्षं या ओढ्याकाठी राहते मी. मला उत्तर कुठे आहे ते ठाऊक नाही होय रे? तीन वेळा परत पाठवलंस. आज तुझी तिसरी खेप ना? फिटलं. ये आत."

मला वाटलं, झालं, आता दगड हातात येणार. हातात आली ती बादली. जूनचे सगळे शनिवार-रविवार मी खाचरात गुडघाभर चिखलात उभा राहून अळकुड्या उपटत होतो, धुवत होतो, चुलीवर चढवत होतो आणि चार-चार तास लाकडं सारत होतो. काही विचारलं तर "विचारतोस काय, बघ," एवढंच. मला ती 'काउंटर' म्हणायची. "ए काउंटर, लाकूड सार!" "ए काउंटर, ही काय सोललीस? अर्धं अंग सालाबरोबर गेलं बिचारीचं!" सरकारी नोकरीत सव्वीस वर्षांत मला कुणी असं बोललं नव्हतं. म्हणजे माझ्यामागे बोलत असतील. पण तोंडावर नाही.

आणि मग ती कुटायला बसायची.

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पाटाच्या एका टोकाला मांडी घालून बसली, दगड ओला केला, उचलला आणि सोडला. हो, मारला नाही, सोडला. चट् असा एकच आवाज. डावा हात गोळा वळवतोय, उजवा दगड उचलतोय, मध्येच बोटांवर पाणी घेतेय, आणि दोन्ही हात एकदाही एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. चट्, चट्, चट्. तासभर लय बदलली नाही. बघता बघता त्या ओबडधोबड तुकड्यांचा असा एक तुकतुकीत जांभळट गोळा झाला की मी हात जोडून उभा राहिलो. कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप जोडले गेले. त्यावर आंटी म्हणते कशी, "देवळात आलायस काय? पाणी आण." मी धावत आणलं.

जुलै उजाडला आणि आमच्याच कचेरीने मला गाठलं. वाढदिवस होता समुद्राकाठच्या बागेतल्या मोठ्या मांडवात. तो मांडव मिळवायचा तर तळमजल्यावरच्या खिडकीत अर्ज करायचा. मी वरच्या मजल्याचा माणूस, रुबाबात खाली गेलो. खिडकीतल्या पोरीने अर्ज उलटापालटा केला.

"अंकल, घरी कुटलेलं अन्न वाढणार असाल तर हा जास्तीचा कागद लागेल."

"अगं, मी वर काम करतो."

"माहितीये ना अंकल. म्हणजे नियम तुम्हांला सांगायलाच नको." आणि गोड हसली. सव्वीस वर्षं मी असाच हसत असणार.

जास्तीच्या कागदावर दोन रकाने होते. 'कोणाच्या देखरेखीखाली शिकलात' आणि 'तुमचं त्यांच्याशी नातं'. खाली देखरेख करणाऱ्याची सही. सही नसेल तर मांडवात फक्त कारखान्यातली बंद पिशवीतली पोई चालेल, असं बारीक अक्षरात लिहिलं होतं. म्हणजे रसेलच्या चाळीस पिशव्या! मी पहिल्या रकान्यात लिहिलं 'हॅरिएट नाओने', म्हणजे आपली हॅटी आंटी. दुसऱ्यात ऐटीत लिहिलं 'हौमाना'. शिष्याला आमच्या भाषेत हौमाना म्हणतात. लिहिताना छाती थोडी फुगली होती, हे कबूल करतो. एवढंच नाही, तर गेले दोन आठवडे ऑफिसात, गल्लीत, दुकानात, जिथे विषय निघेल तिथे आणि निघणार नाही तिथे मी काढून, 'आपण हॅटी आंटीचे हौमाना आहोत' असं सांगत सुटलो होतो.

शनिवारी आंटीने भिंग घेऊन कागद वाचला.

"हे काय लिहिलंयस?"

"हौमाना."

"वाचता येतं मला. हे कुणी ठरवलं?"

"म्हणजे... रकाना होता तिथे, आंटी."

"रकाना होता म्हणून झालास? अर्थ काय त्याचा?"

"शिष्य. विद्यार्थी."

"हे दुसऱ्या भाषेतलं झालं. मी त्याचा अर्थ विचारतेय." तिने कागद माझ्या हातात परत दिला. "कळला की ये. मग बघू सहीचं."

घ्या! तीनशे माणसांना आमंत्रणं गेलेली, दिवस उरलेले पंचवीस, आणि मी शब्दाचा अर्थ शोधत गावभर हिंडतोय. मेदेरोसला विचारलं. म्हणाला, "हौमाना म्हणजे ज्याला फुकट राबवता येतं तो." फुरुतानीबाई म्हणाल्या, "अर्थ माहीत नसला तरी चालतो हो. मी चाळीस वर्षं फुलं मांडायला शिकतेय, मला अजून कशाचाच माहीत नाही." वाचनालयात जाऊन शब्दकोश काढला. विद्यार्थी, शिकाऊ, अनुयायी. तीन शब्द पाठ करून मी रविवारी गेलो आणि तिन्ही म्हणून दाखवले. आंटी शेंगा सोलत होती. सोलतच राहिली.

शेवटी लॉर्ना म्हणाली, "वेंडल, तुला माहीत नाही, तर माहीत नाही म्हण ना. जीभ झडते का?"

झडत नाही, पण सवय नसते. खिडकीत बसलेला माणूस 'माहीत नाही' म्हणत नाही. तो 'उद्या या' म्हणतो. पुढच्या शनिवारी मी आंटीच्या पायरीशी उभा राहिलो आणि म्हणालो, "आंटी, मला माहीत नाही. तुम्ही सांगा."

"बस," ती म्हणाली. खुर्चीवर नाही, पायरीवर, स्वतःच्या शेजारी.

"मी सातव्या महिन्यात जन्मले. आई लगेच गेली. दूध पचेना, दात येईनात, दोन वर्षांची झाले तरी मांजरीएवढी. माझ्या आजीला तेव्हा अकरा दात उरले होते. मोजून अकरा. ती अळकुडी चावायची, मासा चावायची, काटा न् काटा जिभेने बाजूला करायची, मऊ मऊ करायची आणि बोटाने माझ्या तोंडात घालायची. त्या घासाला म्हणतात माना. आणि असा घास ज्याच्यापुढे ठेवला, तो हौमाना."

ओढ्याचं पाणी तेवढं वाजत होतं.

"कळलं का? विद्यार्थी शाळेत पण असतो. मास्तर फळ्यावर लिहितो, घंटा झाली की घरी जातो. हे तसं नाही. हे आधी कुणीतरी स्वतःच्या दातांनी चावलेलं असतं, काटे स्वतःच्या तोंडाला टोचून घेतलेले असतात. मग तुझ्या तोंडात येतं. माझ्या आजीला तिच्या आजीने भरवलं. तिला तिच्या. किती तोंडं मागे गेलीत कुणाला ठाऊक! तेव्हा कागद कुठे होते रे? काय होतं ते सगळं तोंडातच होतं. गाणी, देवांची नावं, कुठला वारा कधी येतो, खाचराला पाणी कधी सोडायचं. सगळं चावून मऊ करून पुढच्याच्या तोंडात."

वाचनालयातल्या बाईंनी मला नंतर सांगितलं की शब्दाची ही फोड सगळे विद्वान मान्य करत नाहीत. नसतील करत. आंटीच्या आजीने विद्वानांना विचारून घास भरवला नव्हता. त्या पायरीवर बसून मला एवढं मात्र खरंच जाणवलं की मी रोज बोलतो, गावातल्या शाळेच्या पाटीवर वाचतो, परवा अर्जात ठोकून दिला, तो शब्द केवढा मोठा आहे! एवढी तोंडं, एवढी माणसं, बेटावर पहिली होडी लागली तेव्हापासूनची, आणि शेवटी ही चार दातांची बाई माझ्या शेजारी बसलेली. मला एकदम लहान झाल्यासारखं वाटलं, आणि त्यात अपमान मुळीच नव्हता. उलट छातीत भरून आलं.

"आता सांग," आंटी म्हणाली, "मी तुला कधी घास भरवला?"

"नाही."

"मग?"

मी पेन काढलं, 'हौमाना' खोडलं आणि वर लिहिलं 'हरकाम्या'. आंटीने भिंगातून बघितलं, "हं, हे खरं आहे," म्हणाली आणि सही ठोकली. तळमजल्यावरच्या पोरीने शिक्का मारला. काम झालं होतं, पोई वाचली होती. तरी घरी आलो तो तोंड पाडूनच. लॉर्नाने हात धरला.

त्या दिवसापासून मात्र दगड माझ्या हातात आला. पहिल्या दिवशी अंगठा चेचला. दुसऱ्या दिवशी पाटच चेचणार होतो. "मारू नकोस! राग कुणावर आहे तुझा? उचल आणि सोड. पडायचं कसं ते दगडाला ठाऊक आहे." हातांना फोड आले, ते फुटले, त्यावर पुन्हा आले. ऑफिसात शिक्का धरता येईना, तर ओशिरोसाहेब म्हणाले, "लोकांचे अर्ज पटापट निघताहेत रे, नुसती सहीच करत जा." एका संध्याकाळी तो चट् आवाज ऐकून मी आंटीकडे बघितलं, कारण मला वाटलं की तीच कुटतेय. ती तर व्हरांड्यात कपड्यांच्या घड्या घालत होती, सामान बांधत होती.

"आंटी, हा दगड तुम्ही नेणार?"

"विमानात दगड नेतात काय?"

"मग कुणाला देणार?"

"ओढ्यातून आला, ओढ्यात जाईल." माझ्याकडे न बघता म्हणाली. मी पुन्हा दगड उचलला.

चौदा आणि पंधरा ऑगस्ट आम्ही झोपेपुरतेच घरी आलो. डॅरिल लाकडं सारत होता, मेदेरोस सोलत होता, मी कुटत होतो, आणि आंटी खुर्चीवर बसून चुका काढत होती. सोळाला सकाळी मांडवात पोईची मोठमोठी लाकडी पातेली ओळीने लागली. पाठ सरळ होत नव्हती, पण मी रुबाबात उभा होतो. एवढ्यात रसेल आले. मागे दोन माणसं, त्यांच्या हातात बर्फाच्या पेट्या.

"चाळीस पिशव्या," रसेल म्हणाले. "असू दे जवळ. समजा, तुमची खाजली तर?"

माझ्या डोक्यात सणक गेली. ऑफिसातली गोष्ट होनोलुलूपर्यंत पोचली होती तर! "रसेल," मी म्हणालो, "गेली तीन वर्षं मी ऐकून घेतोय..."

लॉर्नाने पुढचं ओळखलं. तिने शेजारच्या पातेल्यावरचं झाकण उचललं.

संपलं! पोईचं पातेलं उघडं असताना आमच्याकडे भांडण करत नाहीत. अळू हा माणसाचा थोरला भाऊ. आधी तो जन्मला, मग आपण. थोरला समोर बसलेला असताना आवाज चढवायची कुणाची टाप आहे? मी तोंडातले शब्द गिळले. रसेलनीही गिळले.

"...ऐकून घेतोय," मी म्हणालो, "आणि फार गोड वाटतं हो ऐकायला."

"तुमची मेहनत बघून डोळे भरून आले माझे," रसेल दात दाबून म्हणाले.

"पेट्या जड असतील ना? दमला असाल."

"नाही नाही, तुमच्यासाठी काय जड!"

असं आम्ही पाच मिनिटं बोललो. एवढं गोड मी लग्नाच्या आधीसुद्धा कुणाशी बोललो नव्हतो.

मग लिकोला आणलं. शेरिलिन दातांच्या दवाखान्यात काम करते. लिकोच्या तोंडाचा पापा घ्यायचा नाही, तिला आपल्या चमच्याने भरवायचं नाही, असे नियम तिने घरात छापून लावलेत, आणि ते मोडायची माझी हिंमत नाही. तिने धुतलेल्या वाटीत, उकळलेल्या चमच्याने माझी पोई घेतली. तीनशे माणसं बघत होती. लिकोने चमचा बाजूला सारला, अख्खा पंजा वाटीत घातला आणि तोंडात कोंबला. मग दुसरा पंजा. मग वाटीच डोक्यावर. मांडवात हशा आणि टाळ्या. रसेलनी दोन बोटं भरून चाखली, थांबले, पुन्हा चाखली, आणि पेट्या घेऊन उभ्या असलेल्या माणसांना हळूच म्हणाले, "गाडीत ठेवा रे."

सगळे जेवत होते. आंटी तेवढी मधल्या टेबलाशी बसली होती आणि तिने अजून काही तोंडात घातलं नव्हतं. तीन दिवसांनी तिचं विमान. हळूहळू आजूबाजूची माणसं तिच्याकडे बघायला लागली. म्हातारीने बोट पोईत बुडवलं, तोंडात घातलं. डोळे मिटले. मग तिने ताटलीतली सुकी मासळी उचलली, चांगली चिवट, काट्यांची, आणि चावायला लागली. चार दात तिचे. चावतेय, चावतेय, मध्येच एक काटा काढून ताटलीच्या कडेला ठेवतेय, पुन्हा चावतेय. मग वरून बोटभर पोई घेतली.

शेरिलिनने लिकोला उचलून छातीशी घट्ट धरलं. पातेलं उघडं होतं, तिला काही बोलता येईना. "आंटी," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "किती... किती छान चावता हो तुम्ही."

आंटीने तोंडातला घास बोटांवर घेतला. लिकोकडे बघून हसली. मग माझ्याकडे वळली.

"काउंटर, इकडे ये. खाली बस."

मी गुडघ्यांवर बसलो. समोर ओशिरोसाहेब होते, तळमजल्यावरची पोरगी होती, मेदेरोस होता, होनोलुलूची सगळी ओळख होती.

"तोंड उघड."

मी चोपन्न वर्षांचा, सरकारी नोकर, आजोबा. मी तोंड उघडलं. तिने बोटाने घास माझ्या जिभेवर ठेवला, लहान मुलाच्या ठेवतात तसा, आणि ओठ पुसले. कोमट होता, खारट होता, आणि त्यात एकही काटा नव्हता.

"लॉर्ना," आंटी मागे न बघता म्हणाली, "माझ्या हौमानाला पाणी दे गं. घास अडकलाय त्याच्या."

घास अडकला नव्हता. पण लॉर्नाने पाणी आणलं आणि मी ते सगळं प्यालो.